पहाटे चार पन्नासची

केटरिंगच्या आमच्या थांब्यावर
वेळापत्रकाच्या काचेखाली, अगदी तळाशी
मुंगीच्या अक्षरांत एक ओळ आहे.
तिचं मी मनातल्या मनात मराठी करते:
चौघांनी वर्गणी काढून चालवलेली बस.

सँडविचचा कारखाना, शीतगोदाम,
पुठ्ठ्याची खोकी करणारे,
आणि इस्पितळाच्या चादरी धुणारी लाँड्री.
गणपती नाही, मांडव नाही,
पण वर्गणीच.

आधी आम्ही चालायचो.
साडेपाच किलोमीटर, फुटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेनं,
अंगात चमकणारी पिवळी जाकिटं,
लॉरी गेली की गवतासकट आडव्या.
टॅक्सी केली तर चौघींत वाटूनही
पहिल्या तासाची मजुरी दारातच संपायची.
राइमोंडा गोल चौकाजवळ पडली, मनगट मोडलं,
सहा आठवडे तिच्या जागेवर
रोज नवी मुलगी, रोज नवी काकडी वाया.

मग कुणीतरी वर बसून मोजलं:
वर्षात एकशेबारा माणसं घेतली, एकशेबारा गेली.
पगार कमी पडतो का, विचारलं.
फोलाके म्हणाली, पाय कमी पडतात.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक झाली.
काउन्सिलच्या ऑलरॉइडबाईंनी कागद फिरवला:
डिझेल, ड्रायव्हर, विमा,
तिकिटांतून येईल ते इतकं,
आणि उरलेला हा खड्डा.
पावतीपुस्तक उघडल्यावर जी शांतता पसरते
तीच पसरली. सगळे आपापलं पेन बघत होते.

खोकीवाले पेनहॅलिगन म्हणाले, देतो,
पण चढतील फक्त आमची माणसं. ओळखपत्र दाखवून.
बाईंनी चष्मा काढला.
मग तुम्ही व्हॅन घ्या, म्हणाल्या.
ही बस आहे.
हात केला की थांबते.

माझे वडील करमाळ्याच्या स्टँडवर कंट्रोलर होते.
मुक्कामाची गाडी ज्या गावाला जाते
ते गाव नकाशावर राहतं, म्हणायचे.
'फेरी रद्द' लिहिताना
खडू फार हळू चालायचा त्यांचा.

दया नाही ही, हे मला कळतं.
हिशेब आहे.
हेच लोक गेटवर दोन मिनिटं उशीर झाला
की पंधरा मिनिटांचे पैसे कापतात.
कधी कधी वाटतं, कारखान्याचाच हात आहे हा
लांब होत होत माझ्या उशीपर्यंत आलेला.
पण मग तिसऱ्या थांब्यावर
मिस्टर विंटरबर्न चढतात,
डायलिसिसला निघालेले.
म्हाताऱ्यांचा फुकट पास साडेनऊच्या आधी चालत नाही,
म्हणून नाणी मोजून देतात,
आणि खिडकीशी बसतात,
जणू चारही कंपन्यांचे मालक.

लाँड्री डॅव्हेन्ट्रीला हलणार म्हणे.
करार मार्चपर्यंत.
चारातला एक गळाला
तर उरलेले तीन एकमेकांकडे बघतील,
आणि मी त्यांची तोंडं ओळखते.

आज चार बावन्न झालेत, अजून निघालो नाही.
ड्रायव्हर आरशात बघतोय:
फोलाके धावत येते आहे, एक बूट हातात,
डबा छातीशी.
इंजिन चालू आहे. दार उघडं.
आत कुणी घड्याळाकडे बघत नाही,
विंटरबर्नसुद्धा नाही, ज्यांचं मशीन वाट बघतंय.

ही दोन मिनिटं कुणाच्या खात्यावर टाकायची
ते चौघांपैकी कुणी
अजून विचारलेलं नाही.