खाचांची काठी

रोज साडेचारला एक्स-रे अडकतो.
बिश्केकला निघालेली कुणा पोराची छाती
एक्केचाळीस टक्क्यांवर श्वास धरून बसते,
आणि डॉक्टर सायकाल फोन करते,
"जिपार, आज काय झालं?"

काय झालं ते जिपारला माहीत असतं तर!
नारिनच्या या रुग्णालयात एकच वायर येते,
खिंड ओलांडून, बर्फानं वाकलेल्या खांबांवरून.
तिच्यातून काय वाहतं, कुणी मोजलेलं नाही.
पाणी कुठं मुरतं ते बघायला
आधी पाट तरी दिसायला हवा.

तिनं तीन साधनं आणून बसवली.

पहिल्याचे हिरवे दिवे, डुलणारे काटे,
तीस दिवस फुकट.
एकतिसाव्यापासून दर यंत्रामागे डॉलर.
रुग्णालयाच्या छपराला गळती आहे.
नाकापेक्षा मोती जड.

दुसरं फुकट, पण हट्टी.
हिशेब खात्यानं टाकलेल्या संगणकावर,
ज्याच्या पंख्यात मांजराचे केस होते,
त्याला बोलतं करायला दोन रात्री गेल्या.
दर पाच मिनिटांनी ते एकेका दाराला विचारतं,
किती आलं? किती गेलं?
आकडा लिहितं. पुढची चौकशी नाही.

तिसरं मात्र सगळं सांगतं.
कुणाचा फोन, कुठली साइट, किती वेळ.
संचालक कुबात यांना तेच पसंत.
"नावं कळली पाहिजेत," ते म्हणाले.

आठवड्यात नावं कळली.
रात्री दोन वाजता रखवालदार ओमुरकान
मॉस्कोतल्या मुलाशी बोलतो,
प्लास्टरचं काम आटोपून तो खोलीवर येतो तेव्हा.
आणि प्रसूती विभागातली एक मुलगी
जेवणाच्या सुट्टीत तोच एक प्रश्न शोधते,
जो तिनं आईलाही विचारला नसेल.
जिपारचे कान तापले.
खोलीत कुणी नव्हतं, तरी तिनं स्क्रीन हातानं झाकली.

तिचा बाप असांकुल गावाचा मुराब होता,
म्हणजे पाटकरी.
त्याच्याकडे विलोची एक काठी, चाकूनं पाडलेल्या खाचा.
पाटात उभी करायची, ओल कुठवर चढली बघायची.
रात्री कुणी दांड फोडला तर
त्याला सकाळीच कळायचं,
दाराबाहेर चिखलानं जड झालेले बूट असायचे.
पण बैठकीत तो खाचाच सांगायचा:
"वरून चार आलं, खाली दोन पोचलं.
मधलं तुम्ही आपसांत बघा."
लोक एकमेकांच्या पायांकडे बघायचे.

तिनं दुसरं ठेवलं.

चार वाजता सातव्या पोर्टवर आलेख भिंतीसारखा उभा.
ती वायर बोटांनी चाचपत गेली,
जिना, व्हरांडा, गालिच्याखालून,
थेट संचालकांच्या कपाटामागे.
तिथं एक डबा. गाडीतळावरचे सहा कॅमेरे,
त्यातले दोन फक्त त्यांच्याच गाडीवर,
दिवसभराचं चित्रण चार वाजता वर पाठवणारे.

"चाळीस मावतं, साहेब. चारनंतर
चौतीस सातव्या दारानं जातं."
"सातवं कुणाचं?"
तिनं कागद टेबलावर ठेवला,
आणि कपाटाकडे बघितलं नाही.

आता एक्स-रे जातो. सायकालचा फोन येत नाही.
कुबात यांनी डब्याची वेळ बदलली, रात्री दोन.

तिसरं काढताना त्यानं विचारलं, नक्की? कारण लिहा.
तिनं चौकट रिकामी सोडली.

मग एका सकाळी आलेखात
दोनवर भिंत, आणि तिच्या पायथ्याशी
रोजची ती बारीक रेघ तुटलेली.
साधन नाव सांगत नाही. विचारलं तरी सांगणार नाही.
फाटकावर ओमुरकान फोन हातात घेऊन
नुसताच उभा होता.

तिनं डब्याची वेळ पहाटे साडेचार केली,
परवानगी न घेता,
आणि नोंदवहीत बापाच्या शब्दात लिहिलं:
बारी बदलली.