पावणेदोन इंची

परळीच्या भंगारातून आणलेली बॉयलरची नळी
लतीफ शिकलगारनं पान्यानं ठोकली, कानाला धरली.
"वरून बरीय, डॉक्टरीणबाई. आतून पाण्यानं खाल्ली."
टोक कापून दाखवलं: एका अंगाला चार मिलिमीटर,
समोरच्या अंगाला नखाएवढी.

मी गुरांची डॉक्टर.
गाभण म्हशीत खांद्यापर्यंत हात घालून
आतलं वासरू कसं आडवं आलंय ते सांगते,
आणि नळीत डोकावून बघावं
हे मला सुचलं नाही.

दुसरी बोअरची, जस्ताचा मुलामा दिलेली. स्वस्त.
"हिला जाळली की रातच्याला हीव भरतंय.
आमचा चुलता भर उन्हाळ्यात दोन गोधड्या घेऊन पडला हुता."
तिसरी जालन्याहून टेम्पोनं आली.
बिनसांध्याची, पावणेदोन इंची, भिंत सगळीकडून सारखी.
ती त्यानं कानाला लावलीच नाही.
उचलली, खांद्यावर तोलली, म्हणाला, "हां."
भाव ऐकून मी गप्प.

पण मागच्या महिन्यात तांड्याच्या उतारावर
काळ्या दगडानं जीपचा उंबरा आत दाबला होता,
दार उघडेना,
अडलेल्या म्हशीकडे मी खिडकीतून उतरले होते
पिशवी आधी टाकून.

रॉड सकाळपासून शेजारच्या हॉटेलात,
तंदूरच्या कडेला, ओल धरू नये म्हणून.
रोट्यांचा वास घेऊनच आले.
चेसिसला आधी पट्ट्या, पट्ट्यांचे कोपरे गोल केलेले.
"टोकातून चीर सुटती."
मग एक टाका इकडं, एक पार तिकडं,
मधे चहा, मधे बिडी.
"सलग वढली की नळी मान वळवती. रुसल्यावानी."

चौथ्या पायाचा आतला सांधा त्यानं मला दिला.
काच खाली केली नि अंबाजोगाई विझली,
उरला एक हिरवा ठिपका, त्याच्या कडेला थरथरतं डबकं.
मळी झाडली तेव्हा दिसलं:
भिंतीला गोवऱ्या थापाव्यात तसं काम.
लतीफभाई काही बोलला नाही.
माझ्यावरून स्वतःचा एक फेर मारून घेतला,
न विचारता.

काल पुन्हा तोच उतार.
लतीफभाईनं सांगितलं होतं, आदळायचं न्हाई, टेकायचं.
टेकले.
खर्रर्र करत अख्खी जीप त्या नळीवर घसरली,
माझा कान त्या आतल्या सांध्याकडे,
आणि सगळा दगड मागे गेला.

तांड्यावर पोचून दारातून उतरले.
शेळी केव्हाच व्याली होती, दोन करडं,
म्हातारी म्हणाली, आता कशाला आलीस, च्या पी.
मी चहा पीत उभी राहिले.
रंग खरवडलेल्या नळीवर
पाच पोरं ओळीनं बसली होती,
सहाव्याला जागा देत नव्हती.