कॅच

ग्रिम्सबीला आले त्या आठवड्यात
तीन जणांनी सांगितलं, तुझं नाव कॅच झालं नाही.
तोवर माझ्यासाठी कॅच म्हणजे
हर्णैच्या पुळणीवर भावाने सोडलेला,
ज्यावरून घरात चार दिवस अबोला.
नाव असं कुणी फेकतं का, की ते सुटावं?
पण माझ्या नावात सुरुवातीलाच ज्ञ.
तो आमच्याकडेही पहिलीच्या पोरांच्या हातून निसटतो.

खोली नऊ. सिरिल ब्लँचर्ड. वय सत्त्याऐंशी.
चाळीस वर्षं कॉडच्या मागे, पार आइसलँडपर्यंत.
रात्रपाळीला मी दार लोटते
आणि ते दोन्ही तळवे पुढे करतात,
जणू मी धक्क्यावर उभी आहे, दोर टाकणार आहे.
'सॉरी लव्ह, नाव कॅच नाही झालं.'
'ज्ञानदा.'
'न्याडा,' ते म्हणतात. दोर पाण्यात.
उद्या पुन्हा.

ते दम कॅच करतात, म्हणजे खाटेच्या कडेला बसून
एकेक श्वास खालून ओढून वर घेतात, भरल्या जाळ्यासारखा.
खिडकीलाही कॅच आहे, पितळी,
रात्रीतून दोनदा तपासायला लावतात.
सर्दीसुद्धा इथे कॅच करावी लागते. आमच्याकडे ती नुसती होते,
तिला पकडायला कोण जातं?
माणसं बस कॅच करतात, ऊन कॅच करतात,
एकमेकांची नजर कॅच करतात आणि लगेच सोडून देतात,
मापात न बसणाऱ्या पिल्लासारखी.
मॉरीन ड्युटी संपवून जाताना म्हणते, कॅच यू लेटर.
पहिल्या दिवशी मी थांबले होते तिच्यासाठी,
पार्किंगमध्ये, पाऊण तास.

आईचा फोन. 'म्हावरं मिलतं का गो तिकडं?'
मिळतं. पण बोटी फारशा उरल्या नाहीत,
मासा बाहेरून कंटेनरने येतो
आणि दुकानाच्या पाटीवर खडूने लिहितात, आजचा कॅच.
'मंग त्यो पकडलेला नाय,' आई म्हणाली, 'आनलेला.'
आई तिसरीपर्यंत शिकली.

फेब्रुवारीत एका रात्री वारा सुटला.
सिरिलनी धाकट्या भावाचं काढलं. डेनिस. एकोणीस वर्षांचा.
दोरखंडांवर बर्फ चढत होता, हे कुऱ्हाडीने तोडत होते.
'कॉट इन इट,' एवढंच म्हणाले.
कशात, ते खिडकीकडे हात करून.
मी सवयीने मनात मराठी करून घेतलं:
वादळात सापडला.
आणि मलाच दम लागला,
कारण पुढचं वाक्यही त्याच शब्दाचं होतं:
नंतर सापडलाच नाही.

त्यांच्या भाषेत याला दोन शब्द आहेत,
एक या किनाऱ्याला, एक त्या.
आमच्याकडे ज्या शब्दाने माणूस जातो
त्याच शब्दाने तो परत यायचा असतो.
म्हणून बायका पुळणीवर बसून राहतात.
म्हणून माझी आत्या अजून
ताटात एक तुकडी जास्त वाढते.

मी हे त्यांना समजवायला गेले. जमलं नाही.
'सापडला,' म्हणाले. मग, 'सापडला... नाही.'
दोन्हीला एकच? त्यांनी बोटाने विचारलं.
एकच.
ओठ हलवून पाहिले. 'सापाड्ला.'
ड पार वाकडा, पण दोर धक्क्याला लागला.

मग त्यांनी गाऊनचा पट्टा मागितला,
जाळ्याची गाठ दाखवायला. बोटं ऐकेनात.
मी घातली. बाबा घालतात ती, डावीकडून.
बराच वेळ ते गाठीकडे बघत होते.
नाव विचारलं नाही त्या रात्री.

सकाळी मॉरीनसाठी वहीत लिहिलं:
खोली नऊ. झोप तुकड्यातुकड्यांत. चहा अर्धा कप.
खिडकीचा कॅच तपासला, दोनदा, सांगितल्याप्रमाणे.
तिसऱ्यांदा मी आपणहून.