रोज दोनशे दहा

आठ दिवसांत पिवळे,
पंधरा दिवसांत तपकिरी,
महिना झाला की तव्याच्या पाठीसारखे.
भिशी लागली त्या वर्षीचे
चौदा तोळ्यांचे माझे पैंजण.

मी खाडीला शिव्या दिल्या.
शिवडीच्या चिखलाला, तेलाच्या टाक्यांना,
रात्री दोनला खिडकीतून शिरणाऱ्या त्या वासाला,
ज्याची तक्रार कुठल्या खिडकीवर करायची
ते कोणी सांगत नाही.
नणंद म्हणाली, तुझ्या अंगातच उष्णता.
शेजारच्या फर्नांडिसबाई म्हणाल्या, भेसळ.
टूथपेस्ट लावून लावून
पैंजणांवरच्या मोरांच्या चोची घासून टाकल्या मी.
आता ते मोर आहेत की कोंबड्या, सांगता येत नाही.

लालबागला, सोनाराच्या दुकानावर,
पोटमाळ्यावर बसतो निमाई.
मेदिनीपूरचा.
उभं राहिलं तर डोकं पंख्याला लागेल
म्हणून बावीस वर्षं बसलेलाच.
त्याने पैंजण नाकाशी नेला, नखाने खरवडला,
बल्बखाली फिरवला
आणि ओळखीच्या माणसांबद्दल बोलावं तसा बोलू लागला:
निळसर काळा आला की समजायचं, माहीमची खाडी.
पट्ट्यापट्ट्यांचा, तर बाई रबराच्या कारखान्यात.
नुसता आतून काळा म्हणजे घाम,
नाहीतर कसल्यातरी गोळ्या चालू असतात,
मी विचारत नाही.
कपाटातला काळा सगळ्यात हट्टी.

आणि माझा?

तो हसला.
“भाभी, अंडी किती फोडता रोज?”

दोनशे दहा.
शनिवारी तीनशे.
नाक्यावर आमची भुर्जीची गाडी.
दत्ताराम पाव भाजतो, फोडते मी,
कांदा मी, लसूण मी,
आणि वाफ, जी वर जाते असं मला वाटायचं.

खाडीची माफी मात्र मी मागितली नाही.
थोडा वाटा तिचाही असेलच की.
असेल, म्हणाला निमाई. चांदी कोणाला नाही म्हणत नाही.

मग त्याने वजन केलं, वहीत लिहिलं.
चाकावर धरून घासलं, लाल पावडर लावून,
पुन्हा वजन केलं.
पाऊण ग्रॅम कमी.
चाकाखालच्या डब्यात बोट बुडवून दाखवलं:
ही काळी भुकटी, हीच तुमची चांदी.
दर महिन्याला आणाल
तर पैंजण हळूहळू माझ्या डब्यात राहायला येतील.
त्यापेक्षा असं करा:
पातेल्यात फॉइल अंथरा. खायचा सोडा, मूठभर मीठ,
वरून उकळतं पाणी.
पैंजण फॉइलला टेकलेच पाहिजेत,
अधांतरी राहिले तर काही होत नाही.
मोत्याची नथ त्यात टाकू नका, मोती मरतात.
घासायचं नाही.
नुसतं बसून राहायचं.

स्वतःचं गिऱ्हाईक असं कोण घालवतं?
विचारलं, तर म्हणाला, गुडघे दुखतात.

फॉइलला आमच्याकडे तोटा नाही,
पार्सलला लागतंच.
रात्री दीडला गाडी धुऊन झाल्यावर
पैंजण सोडले पाण्यात.
बारीक बुडबुडे आले
आणि वास.
दत्तारामने झोपेत कूस बदलली, पुटपुटला,
“गिऱ्हाईक आलंय का?”
तोच वास. आमच्याच गाडीचा, जरा शिळा.
महिनाभर चांदीने काही न बोलता जे धरून ठेवलं होतं
ते आता सोडत होती ती,
आणि फॉइल काळं पडत होतं,
सकाळी कचऱ्याच्या डब्यात जायचं म्हणून निवांत.

मोर पांढरे झाले.
चोची आल्या नाहीत परत.
त्या माझ्याच मोरीतून गेल्या कधीच्या,
टूथपेस्टच्या फेसाबरोबर,
खाडीकडे.

पुसले. पायांत घातले.
सकाळी सातला अंडीवाला येईल,
सात ट्रे.