थाप

त्रिमूर्ती चौकातून आत, टायरच्या दुकानावर,
जिन्याला कठडा नाही अशा दुसऱ्या मजल्यावर
निळ्या मॅट. डेटॉलचा वास. सकाळचे सहा.
डिसेंबरात पाय ठेवला
की आधी तळवे नाही म्हणतात.

पहिल्याच दिवशी हर्षल सर म्हणाले, श्रिंप करा.
म्हणजे कोळंबी. पाठीवर पडा, एक पाय रोवा,
ढुंगण मागे ढकला, कुशीवर वळा, सरका.
आम्ही घाटावरची माणसं,
कोळंबी ताटात आली तरी विचारून खातो.
या भिंतीकडून त्या भिंतीकडे
त्रेचाळिसाव्या वर्षी मी सरकत निघालो
आणि भलत्याच भिंतीला लागलो.
कॉलेजची पोरं हसली नाहीत.
हसली असती तर सोपं गेलं असतं.

माझे मामा पंचवटीच्या तालमीतले.
त्यांचं शास्त्र एका ओळीचं:
पाठ लागली, संपलं.
इथं खेळ पाठीवरच सुरू होतो.
खाली पडलेल्याच्या पायांना गार्ड म्हणतात,
मी मनात उंबरा म्हणतो,
तो ओलांडल्याशिवाय कुणी आत येत नाही.
मामांना सांगितलं.
म्हणाले, म्हणजे चीत होऊनही खेळायचं?
हो म्हणालो.
ते बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिले.

धंदा माझा प्लॉटचा.
पाथर्डी फाट्यापासून दहा मिनिटं,
पाणी चोवीस तास, रिंगरोड मंजूर,
सातबारा कोरा, साहेब, डोळे झाकून घ्या.
थाप मारणं म्हणजे काय
हे मराठी माणसाला सांगायला नको.
वीस वर्षं मारल्या. एक तर इतकी चांगली जमली
की मीच तिथं घर बांधायला निघालो होतो.

निशिगंधा गांगुर्डे. बी. फार्म, दुसरं वर्ष.
बावन्न किलो. मी ब्याऐंशी.
चला काका, म्हणाली. मुठीला मूठ टेकवली
आणि माझी बाही धरली,
जत्रेत लहान मुलाची धरतात तशी.
पुढचं नीट आठवत नाही.
मानेमागं तिची पोटरी,
माझाच खांदा माझ्याच गळ्यावर,
आणि कानात समुद्र,
समुद्र नसलेल्या गावात.
मी सुटत आल्यासारखं दाखवलं.
गिऱ्हाइकापुढचं हसू आणलं.
तिला माझा चेहरा दिसतच नव्हता.
तिला फक्त माझं वजन कळत होतं,
आणि ते खोटं बोलत नव्हतं.

काका, थाप मारा, सर कडेनं म्हणाले.
मारली.
दोनदा, तिच्या मांडीवर, उघड्या तळव्यानं.
आणि तिनं सोडलं.
तिथल्या तिथं. साक्षीदार नाही, स्टँपपेपर नाही,
विचार करून सांगते नाही.
इतक्या वर्षांत माझी कुठलीच थाप
इतक्या लगेच कुणी खरी मानली नव्हती.

मी छताकडे बघत पडलो होतो.
पंख्याच्या एका पात्याला कुणीतरी
चिकटपट्टी लावलेली.
ती म्हणाली, मान खाली घालता ना, तिथंच फसता.
कणा सरळ, नजर वर. परत?
परत.
त्या सकाळी सहा वेळा. पुढच्या आठवड्यात चार.
मग एकदा हात आत ठेवायचा राहिला,
म्हणून पुन्हा सात.
घरी बायको विचारते, मानेवर हे काय?
मी म्हणतो, शिकतोय.

काल ओझरहून एक जोडपं आलं.
बाईंनी बुटाच्या टोकानं माती उकरून विचारलं, पाणी?
तोंडावर आलं होतं, चोवीस तास.
गळ्यापाशी काहीतरी अडकलं.
बोअर आहे, म्हणालो. मार्चपर्यंत. पुढं टँकर.
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि रिंगरोडचं विचारलं.

रिंगरोडचं मात्र
नेहमीचंच सांगितलं.
पांढरा पट्टा आहे अजून.
गाठसुद्धा नीट बसत नाही.