सोबत कोण

मार्चएंडला डोईफोडे मॅडमनी
टेबलावर सरकवला नवा फॉर्म:
कामावर एकटे येत असाल तर भत्त्यावर कर,
तिघं मिळून आलात तर माफ.
खाली एक रकाना. सोबत कोण?

जालना ते शेंद्रा, अकरा वर्षं.
शेजारच्या सीटवर माझा डबा,
मागच्या सीटवर अजून
शोरूमचं प्लास्टिक.

रकाना कोराच ठेवला आठ दिवस.
नवव्या दिवशी बदनापूरच्या फाट्यावर
डिस्पॅचचा रझ्झाक उभा होता,
रोज असतो तसाच.
मी ब्रेक दाबला.
"साहेब, गाडी बिघडली का?"
त्यानं वाकून विचारलं.

आता करमाडला कालिंदीबाई चढतात,
दार लई जोरात आपटतात,
ज्वारीच्या भावावरून रझ्झाकशी भांडतात.
शेंद्रा यायच्या आत
माझ्या डब्यातला ठेचा संपलेला असतो.
प्लास्टिक कधी फाटलं, कळलं नाही.

वर्षाला बाराशे चाळीस रुपये वाचले.
मॅडमनी आकडा गोल करून दाखवला,
मी सही केली.

एवढंच सांगायचं राहिलं, की
रझ्झाक रजेवर असतो त्या दिवशीही
फाट्याजवळ
पाय आपोआप ब्रेकवर जातो,
आणि मागचा ट्रकवाला
हॉर्न वाजवून शिव्या देत पुढे निघतो.