सहा बाय एक

कोष्टी बाई दुकानात आल्या तेव्हा मी
कुणाच्या तरी साखरपुड्याची फ्रेम ठोकत होतो.
म्हणाल्या, आरशाच्या पट्ट्या हव्यात, सहा बाय एक,
एकशे अकरा.
मी म्हटलं, आहेर आहे का कुणाचा?
त्या म्हणाल्या, सदतीस मुलं. प्रत्येकाला तीन.

रात्री माळ्यावरचे आरसे काढले.
कपाटांची फुटकी दारं,
सलूनमधला एक लांबडा, ज्यानं अर्धं तासगाव
मान वाकडी केलेलं पाहिलंय.
कटर ओढला की काच बारीक बोलते,
ताटातल्या तांदळावर नख फिरल्यासारखं.
मग नुसतं टक् करायचं.

एकशे आठवर सगळं संपलं.
उरला होता तो, पुराच्या साली भिलवडीहून आलेला,
कडेकडेनं पारा उडालेला.
माणूस नवीन घेऊन गेला, हा ठेवून गेला.
मी तो विकलाही नव्हता, टाकलाही नव्हता.
त्याच्यातून तीन काढल्या.
कडा दगडावर घासल्या.
पोरांची बोटं म्हणून पुन्हा एकदा घासल्या.

शनिवारी सकाळची शाळा.
पुठ्ठा बेदाण्याच्या खोक्यांचा, म्हणून
कुणाच्या नळीवर 'निव्वळ वजन',
कुणाच्या नळीवर नुसतंच 'पाच किलो'.
तीन पट्ट्या, तोंडं आत, वर चिकटपट्टी.
एका टोकाला भोक, दुसऱ्या टोकाला तेलकट कागद,
ज्याच्यातून काल कुणीतरी भजी खाल्ली होती.

आत काय टाकायचं ते ज्याचं त्यानं आणायचं.
जोया मणेरच्या घरी धंदाच बांगड्यांचा.
तिनं फुटक्या तुकड्यांचा डबा उघडला
आणि अख्खा वर्ग तिचा नातेवाईक झाला.
कुणी टिकल्या, कुणी पेन्सिलीची सालं,
एकीनं हळकुंडाचा तुकडा, तो काही उजेड सोडेना.
रेवणनं बेदाणे टाकले.
एकाचे सहा झाले तेव्हा ओरडला,
ओ काका, सौद्याला न्यायचं का हे?
मग ते काचेला चिकटले.
ह्यात काय बी बदलंना झालंय, म्हणाला,
आणि माल खाऊन टाकला.

आदिनाथ मगदूम उशिरा आला.
त्याच्या वाटणीला भिलवडीचा आरसा.
मी म्हटलं, सोमवारी बदलून देतो रे.
तोवर त्याचा डोळा भोकाला लागला होता.
जोयाचे तीनच तुकडे पडले होते आत,
एक हिरवा, दोन मोतिया.
काय दिसतंय?
लाईट गेलीया, म्हणाला.
थोड्या वेळानं, आता कुणीतरी कंदील घेऊन निघालंय.
आणि मग एकदम, हालवू नका! कुणी हालवू नका!

सगळ्यांनी फिरवलं, फिरवून फिरवून
डोळ्यांभोवती पुठ्ठ्याचे वळ आणले.
त्यानं फिरवलं नाही.
नळी दोन्ही हातांत आडवी धरली,
काठोकाठ भरलेल्या वाटीसारखी,
आणि घंटा झाल्यावर तसाच निघाला.
आई शेडवर बेदाणा निवडायला जाते,
शेड स्टँडच्या पलीकडं.
मी दुकानाच्या पायरीवरून बघत होतो.
एस.टी. वळली, तो थांबला.
म्हैस आडवी आली, तो थांबला.
कुणीतरी मागून हाक मारली,
त्यानं मान न वळवता ओ दिली.

सोमवारी समोरून जाताना अडवला.
पोचलं का रे आईपर्यंत?
पोचलं.
तेच होतं का? का बदललं वाटेत?
तो माझ्याकडं बघतच राहिला,
एवढा मोठा माणूस आणि असं विचारतो.
भोक एकच हाय की, काका.
ती बघत होती.

मग म्हणाला, चिकटपट्टी ढिली झालीया, दाबून द्या.
मी दाबून दिली.
डोळा लावला नाही.